भाऊसाहेबांच्या फ्रिजचा पंखा

जिनिंग फॅक्टरीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाच्या अंगाला दोन गोष्टी चिकटतात: रुईचे तंतू आणि किस्से. तंतू घरी गेल्यावर झटकता येतात. किस्से झटकले की दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतात आणि तिथे वाढतात! आमच्या नांदुऱ्याच्या जिनात सरकी आणि रुई वेगळी करणारी चोवीस यंत्रं होती, पण किश्शातलं खरं आणि वाढवलेलं वेगळं करणारं यंत्र काही आम्हाला मिळालं नाही. म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. कानांनी ऐकलं तेही सांगतो, कारण ही सगळी भानगडच आवाजाची आहे.

*

आमचा फिटर श्रावण मिस्त्री. मेहकरकडचा माळी, शिक्षण तीन इयत्ता, त्यातली तिसरी अर्धी. पण कान असा, की त्या कानाच्या जोरावर आमची फॅक्टरी चालायची. त्याच्याजवळ एक शिसवी दांडा होता. एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर नाडी बघतो तसं.

एकदा दुपारी लिंबाखाली भाकर खाता खाता तो थांबला. आत चोवीस यंत्रं एकदम चालू. आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"सात नंबरचं दुखून राह्यलं," तो माझ्या कानाशी ओरडला आणि भाकर तशीच ठेवून उठला.

सात नंबर उघडला. बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब नव्हता!

मालक भाऊसाहेबांनी विचारलं, "श्रावण, इतक्या गोंगाटात तुले समजलं कसं?"

"भाऊसाहेब, घरात पाच लेकरं असली तं कोनतं रडून राह्यलं थे बापाले सांगा लागते काय?"

*

भाऊसाहेब मूळचे पिंपळगाव राजाचे मोठे जमीनदार. जिन काढला, त्याच्याच आवारात बंगला बांधला, आणि एका वर्षी मुंबईहून फ्रिज मागवला. तालुक्यात पहिलाच. मालगाडीतून उतरवून बैलगाडीवर घालून आणला, तेव्हा निम्मं गाव गाडीमागून चालत होतं. पुढे वाजंत्री नव्हती एवढंच.

भाऊसाहेबांच्या आईंना सगळी फॅक्टरी 'मोठी माय' म्हणायची. तिने फ्रिजभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत हात घातला आणि विचारलं, "याच्यात काय ठेवतेत?"

"उरलेलं अन्न ठेवता येते, माय. दुसऱ्या दिवशी खाता येते," भाऊसाहेब म्हणाले.

"शिळं खाले एवढा खर्च? आपल्या घरचे गडी फुकट खातेत!"

फ्रिजला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला नाही. त्याची स्थापना बैठकीत झाली.

*

वीज गावात नव्हती. जिनाच्या इंजिनावर डायनामो होता, त्याची तार बंगल्यात नेली. ही योजना अतिशय उत्तम होती. तिच्यात एकच उणीव होती. जिन चालतो कापसाच्या हंगामात, म्हणजे थंडीत! त्यामुळे पौषात फ्रिज पाणी गार करायचा आणि वैशाखात नुसता उभा असायचा.

शेवटी भाऊसाहेबांनी हुकूम काढला, की उन्हाळ्यात केवळ फ्रिजसाठी छोटं इंजिन चालवायचं. एक पेला थंड पाण्यामागे एक इंजिन, एक फिटर आणि इंजिनाच्या डिझेलचा हिशेब ठेवायला एक कारकून, अशी व्यवस्था झाली. सरकारी कामकाजही याहून वेगळं चालत नसे; पण ते नागपुरात चालायचं, आम्हाला दिसायचं नाही.

*

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी फ्रिजच्या खालच्या पोटातला पंखा बोलू लागला. आधी गुणगुण, मग खडखड, आणि मग खिळखिळं झालेलं टांग्याचं चाक दगडावरून जावं तसा आवाज. बैठकीत व्यापाऱ्यांना ओरडून बोलावं लागे. भाऊसाहेबांच्या अंगावर कुणी ओरडत नसे; ते सुख पंख्याने सर्वांना मिळवून दिलं.

फ्रिजबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तिचं वाचन अर्थातच माझ्याकडे आलं. तीत तेरा दोष दिले होते आणि उपाय दोनच: एक, फ्रिज सपाट जागी आहे ना ते पाहा, दोन, विक्रेत्याला कळवा.

मी पहिला उपाय मराठीत सांगितला. मिस्त्रीने परातीत पाणी घेऊन परात फ्रिजवर ठेवली. पाणी एका कडेला गेलं. खाली पाचरी ठोकल्या, पाणी अगदी समान झालं. खडखड तशीच.

"पानी सरळ झालं बाबूजी," मिस्त्री म्हणाला, "पंखा नाही झाला. पुढं वाचा."

"पुढे विक्रेत्याला कळवायचं आहे."

"मंग राहू द्या. तुमचं पुस्तक तेराव्यालेच येते जेवाले."

*

यात घरचे आचारी महाराजही मागे राहिले नाहीत. कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल द्यावं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जाळीतून हात घालून पंख्याच्या आसाला भरपूर तेल पाजलं. दोन दिवस पंखा गप्प! महाराज मिशीवर हात फिरवत आमच्या ऑफिसात येऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पंखा फिरेचना. मिस्त्रीने बोट लावून पाहिलं, हुंगलं आणि कपाळावर हात मारला.

"महाराज, कोनतं तेल टाकलं?"

"जवसाचं. घरच्या घाण्याचं, शुद्ध!"

"अवो, जवसाच्या तेलानं सुतार लाकडाले चकाकी आनतेत. वाळून रोगन होते त्याचं! तुमी पंख्याले पालिश करून ठेवलं!"

सगळी दुपार रॉकेलने ते रोगन काढण्यात गेली. संध्याकाळी पंखा मोकळा झाला आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलू लागला.

*

मग मात्र भाऊसाहेब चिडले. मला बोलावून त्यांनी मुंबईच्या कंपनीला पत्र लिहायला सांगितलं, की आपला इंजीनिअर पाठवावा. वर म्हणाले, "मंगळवारपर्यंत वाट पाहू. पंखा गप्प नाही झाला तर पत्र टाका. आणि तो माणूस आला म्हणजे आपलं इंजिनही त्याच्याच हाती देऊ. श्रावणचं वय झालं आता. साधा पंखा त्याच्याच्याने आवरत नाही."

हे ते मिस्त्रीच्या समोरच म्हणाले. वीस वर्षं ज्या इंजिनाला मिस्त्रीशिवाय कुणी हात लावला नव्हता, ते इंजिन!  मिस्त्री दांडा उचलून फ्रिजपाशी जाऊन बसला.

मी पत्र टाइप केलं, सही घेतली, आणि माझ्या टेबलावरच्या जावक टपालाच्या ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवून ठेवलं. कारकुनाला एखाद्याची बाजू घ्यायची असेल तर एवढंच करता येतं.

*

मिस्त्रीला दोष सापडला रविवारी. त्याने चालू मोटरवर तळहात दाबला. आवाज बंद! हात काढला, आवाज सुरू. पुन्हा दाबला, पुन्हा बंद.

"पंख्यात काहीच नाही बाबूजी. मोटरच्या पायाखाली रबराच्या चार चकत्या हायेत. आपल्या उन्हानं थ्या दगड झाल्या. मोटर थरथरते आन् पंख्याचं पातं पत्र्याले घासते. येवढंच."

रबर नांदुऱ्यात कुठलं मिळणार? त्याने रुईची गादी घालून पाहिली, ती दुपारपर्यंत चपटी झाली. गोणपाट घातलं, ते रात्रभरच टिकलं.

"आता एकच चीज हाये," तो हळूच म्हणाला. "जिनाच्या रोलरचं चामडं. चकत्या तयारच पडल्या हायेत गोदामात. नरमही हाये आन् दबतही नाही."

मी आधी माय आसपास नाही ना ते पाहिलं. कारण बंगल्याच्या ओसरीपलीकडे चामडं जात नसे. मोठ्या मायचा तसा नेमच होता. माझी चामड्याची बॅग ओसरीवर राहायची. एकदा मायला ताप आला तेव्हा डॉक्टरांचीही बॅग ओसरीवर राहिली, आणि आतली नळी, थर्मामीटर, औषधं पितळेच्या ताटात घालून नैवेद्यासारखी आत गेली! आणि इथे तर तिच्या बैठकीत, देवघराच्या भिंतीला लागून, चामडं कायमचं बसवायचं होतं. भाऊसाहेब आईपुढे मान वर करत नसत. त्यांना कळतं तर इंजिनच काय, मिस्त्रीची नोकरी गेली असती.

सोमवारी माय मंदिरात गेली असताना मिस्त्रीने चार चकत्या बसवल्या.

पंखा असा गप्प झाला, की चालू आहे हे बघायला समोर कागदाचा कपटा धरावा लागला. माय परत आली, फ्रिजपुढे थांबली आणि म्हणाली, "मेलं काय थे?"

"नाही माय," मिस्त्री म्हणाला. "सुधरलं."

मी सांगतो, आख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या दिवशी इतका शांत फ्रिज दुसरा नसेल!

*

मी आनंदाने पत्र फाडायला ऑफिसात आलो. ट्रे रिकामा! आमचा शिपाई सखाराम एरवी तीनतीन दिवस टपाल हलवत नसे. त्या दिवशी त्याला पोस्टाजवळ पान खायचं होतं, म्हणून त्याने ट्रे तळापासून साफ केला होता.

"काऊन बाबूजी?" तो म्हणाला. "तुमीच तं म्हनता, काम तुंबू देऊ नोको!"

*

पुढच्या आठवड्यात मुंबईचे इंजीनिअर साहेब मेलने उतरले. सूट, टॉर्च, हत्यारांची पेटी. भाऊसाहेबांना अवघडल्यासारखं झालं. पंखा तर गप्प होता. बोलावलंच आहे तर काही काम दाखवायला हवं, म्हणून ते म्हणाले, "आता आलेच आहात तर आमचं इंजिन पाहून घ्या. माणूस बदलायचा विचार आहे."

"आधी फ्रिज पाहतो," साहेब म्हणाले.

बैठकीच्या दारात मोठी माय वाती वळत बसली होती. मिस्त्री भिंतीशी उभा. मी उगीचच पुस्तिका हातात धरून उभा. साहेबांनी जाळी काढली, ओणवे झाले, टॉर्च मारला.

"चालू आहे? कमाल आहे! आमच्या शोरूममधलासुद्धा इतका शांत नाही." मग त्यांनी आत हात घातला. "पण ही रबरं कुठे गेली? हे काय बसवलंय? अहो, हे चामडं आहे का?"

मायच्या हातातली वात थांबली. भाऊसाहेबांनी आधी आईकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. मिस्त्रीने बोलायला तोंड उघडलं; आणि तो खोटं बोलणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"लाकूड हाये थे," माय म्हणाली.

"नाही हो आजी, हे बघा ना, चांगलं चामडं..."

"लाकूड हाये म्हनलं ना!" माय मुलाकडे वळली. "भाऊ, यायले साधं लाकूड ओळखू येत नाही, आन् तू यायच्या हाती इंजिन देतं? जेवू घाल आन् दुपारच्या गाडीत बसवून दे. श्रावन, जाळी लाव बे, उघडं काऊन ठेवलं?"

भाऊसाहेब "हाव" म्हणाले. मिस्त्री जाळी लावायला खाली बसला. साहेब रुमालाने हात पुसत उठले आणि जेवणघराकडे निघाले.

"आन् साहेब," मायने नवी वात वळायला घेतली, "पाटावर बसाच्या आंधी कमरचा पट्टा ओसरीवर काढून ठेवा. चामड्याचा हाये थो."