एकेचाळीस नंबरचं दार

रात्रभर बसमध्ये आखडलेली पाठ सरळ करायलाही ओल्द्रिख थांबला नाही. फ्लोरेन्समध्ये उतरल्याबरोबर दोन्ही पिशव्या खांद्याला अडकवून त्याने बायकोला बजावलं, "ब्लाझेना, मी पुढे, तू मागे. आणि वाटेत कुणाला काही विचारायचं नाही."

"का? विचारलं तर दंड करतात इथे?"

"नाही म्हणजे नाही."

धरला याने हेका, असं म्हणून ब्लाझेना दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत मागे निघाली. पण हा नुसता हेका नव्हता. ओल्द्रिखचा जन्म प्रागमधल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुठल्या मजल्यावर आचका देते, हे तो झोपेतही सांगायचा. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. आणि गेल्या पानगळीत एका सकाळी तो डबा घेऊन ट्रॅममध्ये बसला आणि थेट जुन्या वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिथे आता मोटारी विकायचं दुकान होतं. पहारेकऱ्याने घरी फोन केला. त्या संध्याकाळी मुलगी रादका स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, बाबांना आता एकटं सोडत जाऊ नकोस." हळूच म्हणाली, पण भिंत पातळ होती.

तेव्हापासून तो कुणाला न सांगता स्वतःला तपासत होता. रादकाने दोघांसाठी सगळ्यात स्वस्त बस आणि सगळ्यात स्वस्त खोली शोधून दिली, तेव्हा त्याने ठरवूनच टाकलं. बसपासून खोलीच्या दारापर्यंत कुणाला न विचारता आपण बायकोला नेलं, तर डोकं शाबूत. नाही तर नाही. पत्ता त्याने पाठ केला होता. रस्त्याचं नाव, खोली एकेचाळीस नंबरला, किल्ली नेल्लाबाईंकडे, त्याही एकेचाळीस नंबरला.

रस्ते वाकडेतिकडे होते. एक चर्च दोनदा लागलं, की दोन चर्च एकसारखी होती कोण जाणे. पण रस्ता सापडला आणि निळ्या पाटीवर एकेचाळीसचा आकडाही सापडला.

"बघ!" ओल्द्रिख म्हणाला.

"बघितलं. आता नेल्ला दाखव."

दाराशी घंट्यांची रांग होती, पुढे आडनावं. नेल्ला कुठेच नाही. त्याने सगळ्यात खालची घंटी दाबली. वरच्या खिडकीतून बनियनमधला एक माणूस काहीतरी ओरडला आणि त्याने झडप लावून घेतली.

"काय म्हणाला?" ब्लाझेनाने विचारलं.

"मला काय ठाऊक! स्वागत तर नक्कीच केलं नाही."

ओल्द्रिखच्या मानेवर घाम आला. एकेचाळीसच होतं ना? की चौदा? रस्ता तरी हाच ना? रात्री बसमध्ये पत्ता स्वच्छ आठवत होता. आता जितका आठवावा तितका तो विरघळत चालला होता. "पुढे बघू," एवढंच तो म्हणाला. दोघं चौक ओलांडून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. शेवटी ब्लाझेना एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"माझा गुडघा संपला. आता तू एकटा हरव. मी इथे बसून खाते."

तिने घरून आणलेले तळलेल्या मांसाचे काप आणि पाव काढले. ओल्द्रिखही बसला. 

"ते बघ, वर एकेचाळीस," ती चावता चावता म्हणाली.

त्याने मान वळवली. "लाल पाटी आहे ती."

"हो की, लालच आहे," म्हणत तिनेही तो विषय सोडला. आपल्याकडे प्रागला प्रत्येक घराला दोन पाट्या. लाल कचेरीच्या नोंदीसाठी, निळी माणसांसाठी. घर शोधताना लालकडे कोण बघतं?

"निळी पडली असेल," ओल्द्रिख म्हणाला. "दुरुस्तीची हौस नाही लोकांना."

तेवढ्यात दुकानातून एक जाडजूड बाई बाहेर आली. आत खिळे, कुलपं, बादल्या. पायरीवर पडलेला पावाचा चुरा पाहून तिने हात उडवत तोंड सोडलं. ब्लाझेना घाबरून चुरा गोळा करू लागली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "नेल्ला? नेल्ला?"

बाई थबकली. तिने स्वतःच्या छातीवर हात मारला. "नेल्ला!"

मग ती आतून किल्ली घेऊन आली. दोघांचे गोंधळलेले चेहरे पाहून तिने लाल पाटीवर बोट ठेवलं आणि खिळ्यांकडे दाखवलं. मग एक निळी बादली उचलून तिच्यावर टकटक केलं, रस्त्याच्या पलीकडच्या टोकाकडे दाखवलं आणि गालाखाली हात घेऊन डोळे मिटले.

ओल्द्रिखला उलगडायला वेळ लागला. "म्हणजे लाल आकडे दुकानांचे. आणि झोपायचं निळ्या एकेचाळीसात." तो एकदम उभा राहिला. "म्हणजे मघाचं दार! अगं, मी तुला पहिल्याच फटक्यात खोलीच्या दारात नेलं होतं!"

"नेलं होतंस. फक्त आत जाता आलं नाही, एवढंच."

"चेष्टा करू नकोस. तुला माहीत नाही, मी..."

"मला माहीत आहे. रात्रभर बसमध्ये पत्ता पुटपुटत होतास. पुढच्या सीटवरच्या बाईलाही पाठ झाला असेल." तिने पाव गुंडाळला. "आणि लाल पाटी तर मीच पाहिली आणि मीच सोडली. मग माझंही डोकं गेलं का?"

त्याने किल्ली खिशात टाकली आणि पिशव्या उचलल्या. चालताना त्याचे खांदे सरळ झाले होते. चौकापर्यंत तो गुणगुणतच गेला. चौकातून मात्र तीन रस्ते फुटत होते आणि तिन्हीकडून आपण आल्यासारखं वाटत होतं. तो थांबला. पुटपुटला. डोक्यात काहीच येईना. हे लाल-निळ्याने झालेलं नव्हतं, हे त्याला कळत होतं.

"ब्लाझेना," तो शेवटी म्हणाला, "कुठून आलो गं आपण?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्यांकडे. "इकडून. नाही, थांब. मलाही सांगता येत नाही. तो माणूस कुत्रा घेऊन चाललाय, त्याला विचार."

"कुठल्या भाषेत?"

"चेकमध्ये विचार. पण सावकाश."

ओल्द्रिखने पिशव्या तिच्या पायाशी ठेवल्या, टोपी काढली आणि कुत्रेवाल्याच्या दिशेने निघाला.