मनगट

आखातातल्या रुवैसजवळच्या खाडीत गळाने मासे पकडायला शिकवणारा तो रत्नागिरीचा गाइड मला पहिल्यापासून खटकला. आमिषाची पिसांची खोटी माशी लांब फेकताना तो माझ्या चाळिशीतल्या मुलाचं मनगट मागून धरायचा. "हळू, हबीबी. दोरी मागं सरळ होऊ दे, मग फेक." मुलगा खळखळून हसायचा. माझ्यासमोर तो असा कधी हसला नव्हता.

"लहानपणी पाण्याला घाबरायचा हा," मी मुद्दाम म्हणालो. मुलानं दोरी परत ओढून घेतली.

गाइड बाजूला सरला. "चाचा, आता तुम्ही धरा मनगट."

"मला ऊन लागतंय," मी म्हणालो आणि काठावर जाऊन बसलो. सूर्य केव्हाच बुडाला होता.

नातवंडांना मी सांगत आलो, गळ टाकायला तुमच्या बाबाला मीच शिकवलं. शिकवलं त्या माणसानं. मी मनगटाला हातही लावला नाही.