आधी घड्याळ काढायचं

"तू बायकोला मारतोयस की गादी झटकतोयस?" दिग्दर्शकाने तालमीत सगळ्यांसमोर विचारलं आणि सगळे हसले. नाटकात माझी बायको झालेली नटीही हसली. ती कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवते आणि हसताना कुणाची भीडभाड ठेवत नाही. मला हसू आलं नाही. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून आम्ही तालीम करायचो. त्यातल्या एका बाकाला मी लाथ घातली. बाक उलटलं, माझा अंगठा ठणकला. "हाच राग सीनमध्ये आण ना मग," दिग्दर्शक म्हणाला.

माझं डोकं लवकर सटकतं, हे आधीच सांगून टाकतो. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून निघून तालमीला पोचेपर्यंत माझं रोज एक तरी भांडण व्हायचं. रिक्षावाला, बाईकवाला, आणि कोणीच नसलं तर नुसता सिग्नल. दोन मोबाईल मी भिंतीवर आपटून फोडलेत, कपाटाच्या दाराला ठोसा मारून पोचा पाडलाय. पण माणसावर कधी हात टाकला नव्हता. सोळाव्या वर्षी एकदा धाकट्या बहिणीवर उगारला, तेव्हा आईने माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "एक पुरे झाला या घरात." मावशी तिथेच बसलेली. ती म्हणाली, "खाण तशी माती." ती म्हण माझ्या डोक्यातून गेली नाही. मी लग्न केलं नाही. लोकांना वाटतं, नाटकामुळे.

नाटकात सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या घराची बेल वाजवली. कधी हवालदार, कधी शेजारी, कधी कुरिअरवाला. दोन वाक्यं बोलायची आणि आत जाऊन चहा प्यायचा. चाळिशी उलटल्यावर पहिली मोठी भूमिका मिळाली ती बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची. दोन पात्रांचं, एका अंकाचं नाटक. हे हातचं गेलं असतं तर मला पुन्हा बेलच वाजवावी लागली असती.

रंगमंचावरची थोबाडीत खोटी असते. हात गालापासून चार बोटं लांबून जातो आणि मार खाणारी बाई प्रेक्षकांना दिसणार नाही अशी स्वतःच टाळी वाजवते. मी चार बोटांचं अंतर राखत होतो, तिची टाळी वेळेवर पडत होती, तरी गादीच झटकल्यासारखी दिसत होती.

त्या दिवशी डोंबिवलीजवळ कोपरला घरी आल्यावर मी आईच्या कपाटातल्या डब्यातून बाबांचं घड्याळ काढलं. तिला विचारलं नाही. किल्लीचं घड्याळ, पांढरी तबकडी, स्टीलचा पट्टा. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर होते. दारू प्यायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. घरी येऊन पाय धुवायचे, जेवायला बसायचे, आणि आमटीत काही कमीजास्त निघालं की उठून डाव्या मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि रेडिओशेजारी ठेवायचे. पट्ट्याचा खट् असा आवाज यायचा. तो आला की मी बहिणीला घेऊन गॅलरीत जायचो आणि तिचे कान दाबून धरायचो. माझे उघडेच असायचे. आईचं डोकं ओट्यावर आपटल्याचा आवाज नारळ फोडल्यासारखा यायचा. आजही कुणी पूजेला नारळ फोडला की मी बाहेर जातो.

बाबा घड्याळ का काढतात, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. पट्टा आईला लागू नये म्हणून. मारतात, पण तेवढी काळजी घेतात. त्यांच्याबद्दल जपून ठेवावं असं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि मी ते जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत हात उचलायच्या आधी मी घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. खट्. या वेळी कोणी हसलं नाही. "हे कुठून आणलंस?" दिग्दर्शकाने विचारलं. "घरून," मी म्हणालो.

त्या घड्याळाने मला वर काढलं. एकांकिका स्पर्धेत नाटक पहिलं आलं, अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. ठाण्यात, कल्याणला प्रयोग लागले. ऑफिसात ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं तेही पास मागू लागले. आईला मी एवढंच सांगितलं होतं की कौटुंबिक नाटक आहे. तिने यायचं म्हटलं की मी तिकिटं संपली म्हणायचो.

मग ठाण्याचा तो प्रयोग आला. घोडबंदरला पाऊण तास अडकलो होतो. एका बाईकवाल्याने रिक्षाला घासून वर मलाच शिवी दिली. मी उतरलो, त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. थिएटरात पोचलो तेव्हा माझे हात शिवशिवत होते. प्रयोग सुरू झाला, मी घड्याळ काढलं आणि हात गेला. चार बोटं राहिली नाहीत. पुरा पंजा तिच्या गालावर आणि कानावर बसला. कानातल्याची फिरकी कानामागे घुसली आणि तिच्या मानेवरून रक्ताची बारीक रेघ उतरली. ती सेटवरच्या भिंतीच्या फळीवर आपटली, सावरली, आणि तिने पुढचं वाक्य घेतलं. एक शब्द चुकली नाही.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण खरं तेच आहे. तो हात बसला तेव्हा दिवसभराचं, खरं तर कित्येक वर्षांचं काहीतरी अंगातून सुटलं. ते सुखच होतं. त्या प्रयोगाला आजवरच्या सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

पडदा पडल्यावर मेकअपरूममध्ये ती सरळ माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत तिने माझ्या थोबाडीत दिली. माझा कान बराच वेळ वाजत राहिला. "अभिनय येत नसला की हात चालतो," ती म्हणाली. "पुढचा प्रयोग मी करणार आहे. तू करायचा की नाही, ते तू ठरव." मी माफी मागितली. ती कानामागे कापूस दाबून बसली होती, तिने मान वर केली नाही.

पुढचा प्रयोग डोंबिवलीत होता, रविवारी दुपारी. मी गेलो. मेकअप चालू असताना कोणीतरी आत येऊन म्हणालं, "तुझी आई आलीये. शेजारच्या काकूंबरोबर. तिसऱ्या रांगेत आहेत." त्या दिवशी मी चारची सहा बोटं केली. हात इतका लांबून गेला की मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा होत्या. एका गृहस्थांनी विचारलं, "तो मारण्याआधी घड्याळ का काढतो?" हे उत्तर मला पाठ होतं. मी म्हणालो, "बायकोला पट्टा लागू नये म्हणून. त्या माणसाच्या आत कुठेतरी माया आहे." लोकांनी माना डोलावल्या. आई माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि हात पुढे केला. "घड्याळ दे."

मी दिलं.

"घड्याळ कुठल्या हातात घालायचे हे?"

"डाव्या."

"आणि मारायचे कुठल्या हाताने?"

चाळीस वर्षांत हा एवढा साधा हिशेब मी केला नव्हता.

"उजव्याने," तीच म्हणाली. "डाव्याने केस धरायचे. मग पट्टा मला कसा लागेल रे? हे घड्याळ माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. यांचा फार जीव होता त्याच्यावर. एकदा काढायला विसरले. मी सुटायला झटापट केली, यांचा घड्याळाचा हात भिंतीवर घासला, काच तडकली. त्या दिवशीचं झालं ते झालंच. काचेसाठी दुसऱ्या दिवशी वेगळं मारलं. चार दिवस जेवता येत नव्हतं मला, दात हलत होता." तिने घड्याळ दिव्याखाली धरलं. "ही काच नवीन आहे बघ. नीट बसली नाहीये."

खरंच बसली नव्हती. एका बाजूला केसाएवढी फट होती. इतके दिवस ते माझ्या हातात होतं.

"माया म्हणे," आई म्हणाली. मला वाटलं, आता ती ते डब्यात ठेवून कपाटाला कुलूप लावणार. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. "नाटकात घ्यायचं असेल तर घे. पण झालं तसं कर. त्यांना चांगलं करू नकोस."

कल्याणच्या प्रयोगात मी घड्याळ काढलं. काचेवर तोंडाची वाफ सोडली, शर्टाच्या टोकाने पुसली. टेबलाच्या कडेला ठेवलेलं उचलून आत सरकवलं, पडू नये म्हणून. मग तिच्याकडे वळलो. पुढच्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "मुडदा बशिवला मेल्याचा!" माझा हात गालापासून चार बोटांवरून गेला, नटीची टाळी पडली, ती कोसळली. तिला माझं बोटही लागलं नाही.

पण काच पुसत होतो तेवढा वेळ माझ्या डोक्यात फक्त काच होती. मागे कोणी बाई उभी आहे, हे मी विसरलो होतो. बाबांना असंच होत असणार. तिथपर्यंत पोचायला मला फारसे कष्ट पडले नाहीत, याची मला अजून भीती वाटते.

त्या दिवशी घरी आलो तर आईने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "लागलं नाही ना तिला?"

"नाही."

तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग ताट वाढलं. आता प्रत्येक प्रयोगानंतर ती हेच विचारते, आणि हात बघितल्याशिवाय जेवायला वाढत नाही.