खांबाजवळचा नारळ

नोकरीची शेवटची वर्षं मी नाशिक शहरात पोलीस निरीक्षक होतो. खून, दरोडे, अपहरणं पुष्कळ पाहिली. त्यांतली बरीचशी आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका मजुराच्या चिरडलेल्या हाताचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं. त्यात ना कोणी मेलं, ना वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. निवृत्तीच्या समारंभात 'सगळ्यात समाधानाचा तपास कोणता?' असं एकाने विचारलं तेव्हा मी हाच सांगितला. बंदूक-पिस्तुलाच्या आशेने बसलेली मंडळी जरा हिरमुसली.

सुरुवात अगदी रोजच्यासारखी झाली. रुग्णालयात अपघाताचा जखमी दाखल झाला की ठाण्याला खबर येते आणि आम्ही जबाब घ्यायला माणूस पाठवतो. शहरातल्या द्वारका चौकात मोटारसायकल घसरून एकाचा उजवा हात चिरडल्याची खबर आली. आमचे हवालदार, नोकरीत मुरलेले गृहस्थ, जाऊन जबाब लिहून आले. जखमी माणूस सटाण्याकडचा. देवळाली कॅम्पच्या पुढे रेल्वेमार्गाचं काम चालू होतं, तिथे ठेकेदाराच्या टोळीत मजूर. कामाला सुट्टी होती, बाजाराला निघालो, गाडी घसरली, कोणाविरुद्ध तक्रार नाही. 'तक्रार नाही' हे शब्द कोणत्याही ठाण्यात फार गोड वाटतात. कागद फायलीला लावून आम्ही मोकळे होणार होतो.

तेवढ्यात त्याची बायको आली. ठाण्यात पहिल्यांदा पाऊल टाकणारी माणसं दारात घुटमळतात. ही बाई सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, मन्हा मालकले सायकल बी येत नही. मंग मोटारसायकल कशी घसरनी?"

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी पंख्याकडे पाहिलं.

तिला बसवलं, पाणी दिलं. मग बाकीचं कळलं. पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च ठेकेदाराने केला होता. आता डॉक्टर म्हणत होते की दुसरी लवकर केली तर अंगठा आणि जवळची बोटं वाचतील, नाहीतर पंजाच काढावा लागेल. तेव्हापासून ठेकेदाराचा फोन लागत नव्हता. टोळीचा मुकादम तिच्याच गावचा. तो म्हणाला, बाहेरच्या अपघाताला आम्ही काय करणार?

इथे सगळी मेख होती. रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्यांना त्यांचा दवाखाना असतो, त्यांचे नियम असतात. ठेकेदाराच्या मजुराला आधार फक्त कामगार विम्याचा. इजा कामावर झाली असेल तर उपचार विम्यातून होतात, कायमचं अपंगत्व आलं तर जन्मभर दरमहा रक्कम मिळते, घरच्यांच्याही औषधपाण्याची सोय होते. ठेकेदाराने मजुराचं नाव विम्यात घातलं नसेल तरी मजुराचा हक्क बुडत नाही, मात्र ठेकेदाराच्या मानगुटीवर वसुली आणि कारवाई बसते. म्हणूनच याने अपघात रुळावरून उचलला आणि द्वारकेला नेऊन ठेवला, असा मला संशय आला. संशय कितीही पक्का असला तरी पंचनाम्यात लिहिता येत नाही.

मी स्वतः रुग्णालयात गेलो. माणूस तिशीतला, अंगाने काटक, हातावर हे भलं मोठं बँडेज.

"गाडी तूच चालवत होतास?"

"हा साहेब. घसरली."

"गिअर कोणत्या पायाने टाकायचा?"

त्याने बराच विचार केला. "उजव्या."

"आणि ब्रेक?"

"तो बी उजव्याच."

"मग डावा पाय काय हवा खायला ठेवला होता?"

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "साहेब, घसरली म्हणतो ना. लिवून टाका." त्याचा धाकटा भाऊ त्याच टोळीत होता, अर्धी टोळी गावकीतली होती. रेल्वेच्या कामावरचा अपघात बाहेर आला तर सगळ्यांना घरी बसवीन, असा दम ठेकेदाराने भरला होता. हे त्याने मला सांगितलं नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायकोने सांगितलं. हा माणूस पंजा द्यायला तयार होता, पण भावाची रोजी घालवायला तयार नव्हता. खरं सांगतो, मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

रेल्वेची हद्द लोहमार्ग पोलिसांची. तिथल्या अधिकाऱ्याला फोन केला. माणूस उमदा निघाला. "या साहेब, जोडीने बघू," म्हणाला. आम्ही दोघं कामाच्या जागी गेलो आणि मजुरांना विचारायला लागलो. पहिला म्हणाला, "त्या दिवशी सुट्टी होती, आम्ही कामावर नव्हतो." दुसरा म्हणाला, "त्या दिवशी सुट्टी होती, आम्ही कामावर नव्हतो." तिसऱ्यानेही तेच, त्याच चालीत, शाळेतल्या पाढ्यासारखं म्हटलं. खरं बोलणारी माणसं कधी इतकी एकसारखी बोलत नाहीत. कोणी वेळ चुकवतो, कोणी माणूस विसरतो. पण पढवलेला जबाब फोडायचा तर जे पढवलेलं नाही ते विचारावं लागतं, आणि ते काय, हे मला सुचत नव्हतं.

मुकादम आमच्या मागे मागे होता. त्याला चुकवायला मी नुसताच रुळाच्या कडेने चालू लागलो. विजेच्या तारांचे खांब एकामागून एक जात होते. त्यातल्या एका खांबाच्या बुडाशी खडीतला एक दगड कुंकवाने माखलेला दिसला. शेजारी सुकलेला झेंडू, आणि फुटलेला नारळ. मी खाली बसलो. नारळाच्या दोन्ही वाट्या तिथेच होत्या आणि आतलं खोबरं जसंच्या तसं वाळत पडलं होतं.

आपल्याकडे मुहूर्ताचा नारळ फुटला की शेजारच्या कुत्र्यालासुद्धा प्रसाद मिळतो. खोबरं टाकून कोणी जात नाही. रस्त्यांच्या कामांवर असे नारळ मी पूर्वी पाहिले होते. जिथे रक्त सांडतं तिथे दुसऱ्या दिवशी जागेला नारळ देतात आणि त्याचं खोबरं कोणी तोंडात घालत नाही. तो दिल्याशिवाय मजूर हत्याराला हात लावत नाहीत.

मी मजुरांना पुन्हा एकेकटं बोलावलं, दर वेळी मुकादमापासून लांब. अपघाताचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच विचारलं, "त्या खांबापाशी नारळ कोणी फोडला?"

पहिल्याने आधी खांबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मालकानी, ठेकेदारानी."

"तुम्ही कोणी का नाही फोडला?"

"मालकाचाच लागतो साहेब. ज्याचं काम, त्याचाच नारळ."

दुसऱ्यानेही मालकाचं नाव घेतलं, तिसऱ्यानेही. आता मात्र प्रत्येकाची चाल वेगळी होती. एक म्हणाला, मालक यायला तयार नव्हता, आम्ही पहारी खाली ठेवून बसलो तेव्हा आला. दुसऱ्याने सांगितलं, बूट काढायला लावले त्याला. जखमीचा भाऊ सगळ्यात शेवटी आला. तो नारळाच्या नावानेच रडायला लागला.

"रूळ खाली ठेवताना टेकू निसटला साहेब. दादाचा हात खालीच राहिला. लय रगत गेलं. आता तुमी नोकरी घालवा नायतर ठेवा, पण त्या जागेवर मी रोज उभा राहतो. तिथलं खोटं नाय बोलणार."

त्याला बाजूच्या दगडावर बसवून मी जबाब शब्दशः लिहून घेतला.

ठेकेदाराला ठाण्यात बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध, बोलणं मधाळ. मी चहा मागवला. तो हॉस्पिटलच्या पावत्या दाखवून आपण किती दयाळू आहोत हे सांगत राहिला. मी सगळं ऐकून घेतलं. समोरचा स्वतःचं कौतुक करत असेल तर त्याला थांबवू नये, तो बेसावध होतो.

"मार्गावर नारळ तुम्हीच फोडलात ना?" मी विचारलं.

"हो साहेब. शुभकार्य आहे, मुहूर्ताचा नारळ."

"काम तर कधीच सुरू झालंय. मुहूर्त मधल्याच खांबाला?"

"आमची श्रद्धा, साहेब."

"मग प्रसाद का वाटला नाहीत?"

तो कप ओठांपाशी नेऊन थांबला.

"खोबरं तिथेच पडलं होतं. लोहमार्ग पोलिसांनी पंचांसमक्ष उचललंय. तुम्हीही खाल्लं नाहीत. कोणाच्या रक्ताचा होता तो नारळ?"

त्याने कप खाली ठेवला. मग तो इतकं बोलला की माझ्या हवालदारांना लिहिता लिहिता दम लागला. घसरली म्हणून सांगितलेली मोटारसायकल त्याच्या पुतण्याची होती आणि तिला ओरखडाही नव्हता.

पुढचं भराभर झालं. गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे दाखल झाला, कागद विमा कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी स्वतः जागेवर येऊन चौकशी केली आणि कामावरची इजा मान्य केली. शस्त्रक्रिया वेळेवर झाली. अंगठा आणि दोन बोटं वाचली. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व ठरवलं, दरमहा रक्कम सुरू झाली. आणि ज्या भीतीने सगळे गप्प होते ती फोल ठरली. काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं, टोळी तीच राहिली, आणि या वेळी पहारी उचलण्याआधी प्रत्येकाचं नाव विम्यात चढलं. ते समजलं त्या दिवशी मी हवालदारांना ठाण्यात वाटायला पेढे आणायला पाठवलं. साहेबांना नातू झाला की काय, अशी चर्चा सुरू झाली.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. भीतीपोटी माणूस पोलिसाशी खोटं बोलतो, डॉक्टरशी बोलतो, स्वतःच्या बायकोशीही बोलतो. पण कुठेतरी एक जागा अशी असते जिथे त्याला खोटं बोलवत नाही. दमदाटीने ती सापडत नाही. त्याच्याबरोबर थोडं चालावं लागतं.

काही महिन्यांनी देवळालीकडे कामाने गेलो होतो. रेल्वे फाटकापाशी माझी गाडी थांबली म्हणून उतरलो, तर थोड्या अंतरावर तीच टोळी रुळावर वाकलेली. तिच्यापासून लांब, एकटा, तो उभा होता. डाव्या हातात लाल झेंडी आणि उजव्या हाताच्या वाचलेल्या बोटांत शिट्टी. गाडी येताना दिसली की टोळीला सावध करायचं, हे आता त्याचं काम होतं. विम्याची रक्कमही चालू होती आणि पगारही. मला पाहून तो हसला, पण जागेवरून हलला नाही. तेवढ्यात वळणावर इंजिन दिसलं. त्याने शिट्टी तोंडाला लावली आणि अशी फुंकली की माझ्याही कानठळ्या बसल्या. सगळे पहारी घेऊन बाजूला झाले. गाडी धडधडत निघून गेली. धूळ खाली बसली आणि माणसं पुन्हा रुळावर आली, सगळीच्या सगळी.