मखमल, मलमल आणि मांजरपाट

जगातले कोणतेही दोन जीव एका थाळ्यात जेवायला बसवले की त्यांचं भांडण मिटतं, अशी आमच्या घरमालकांची पक्की समजूत होती, आणि या समजुतीपायी त्यांनी सेनगाव तालुक्यात कुणालाही सुखानं भांडू दिलं नाही. गोरेगावात जीप लागतात तिथंच त्यांचं गाद्यांचं दुकान. मी गावच्या पशुदवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बदलून आलो आणि त्यांच्या अंगणापलीकडच्या सुट्या खोलीत भाड्यानं राहिलो. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ते मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही हे त्यांना मी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा "बराबर हाय डाक्टर" म्हणून त्यांनी ते मान्य केलं.

गादी उसवली की घरातलं सगळं कळतं, असं चाचांचं म्हणणं. कापूस एका कडेला गोळा झाला असेल तर नवराबायकोत अबोला आहे, मधोमध खड्डा असेल तर घरात कुणीतरी दिवसा झोपतंय. गिऱ्हाईक गादी पिंजायला टाकून निघालं की चाचा सुईत दोरा ओवता ओवता विचारत, घरधनीण माहेरून कधी येणार म्हणून, आणि ती बहुतेक वेळा खरोखरच माहेरी गेलेली असे. बायको माहेरी गेली की मगच माणसाला गादी मोकळी सापडते, हे माझं मत मी स्वतःजवळ ठेवलं. एकदा बांधावरच्या बाभळीवरून भांडणारे दोन चुलतभाऊ त्यांनी दुकानात आणून बसवले आणि मध्ये थाळाभर भजी ठेवली. नियम असा की शेवटचं भजं एकानं दुसऱ्याला द्यायचं. दोघांनी थाळा रिकामा केला आणि शेवटच्या भज्याकडे बघत तासभर हाताची घडी घालून बसले. जीप भरून निघाल्या, परत आल्या. अखेर कंटाळून चाचांनी ते भजं स्वतःच खाल्लं. दोघे भाऊ मिळून त्यांच्यावर असे चिडले की बोलत बोलतच एकत्र घरी गेले. चाचा याला आपला विजय मानत, आणि मला त्यात चूक काढता आली नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं एकच भांडण त्यांना मिटवता आलं नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं. धाकटा भाऊ पुसेगावला असतो, तोही गादीवाला. वडिलांचं कापूस पिंजायचं मशीन कुणाकडे राहावं यावरून नऊ वर्षांपूर्वी बोलणं तुटलं ते तुटलंच. चाचा हा विषय काढत नसत आणि कुणी काढला तर त्यांना ऐकू येत नसे.

एक दिवस पुसेगावहून आलेल्या जीपवाल्यानं सहज सांगितलं की धाकट्याच्या घरी दोन ससे होते, त्यातला एक कुत्र्यांनी नेला, आणि उरलेला एकटा खाणंपिणं सोडून बसलाय, तर ते आता त्याला रानात सोडणार आहेत. चाचांनी हातातली सुई गादीत तशीच खोचली आणि त्याच जीपनं गेले. भावाच्या दारात पाऊल ठेवलं नाही. थांब्यावर उभे राहिले, भावजयीला निरोप धाडला, तिनं टोपलीत घालून ससा आणून दिला. तुमच्याकडे रमला नाही तर परत पाठवा, आम्ही सोडून देऊ, एवढंच ती म्हणाली. म्हणजे ससा रमला तर जगणार, नाहीतर पहिल्या रात्री कोल्ह्याच्या तोंडी. आणि भावाच्या घरून नऊ वर्षांत आलेली ही एकुलती एक गोष्ट परत करायची पाळी आली असती, ते वेगळंच.

घरात चाचींचे दोन ससे आधीपासून होते, मखमल आणि मलमल. दोघी मोडक्या बाजेखाली एकमेकींना चिकटून दिवस काढत, एक उठली की दुसरी उठे. नवा ससा मातकट रंगाचा, अंगानं राठ. चाचांनी जाड्याभरड्या कापडावरून त्याचं नाव मांजरपाट ठेवलं. तो नर की मादी हे मला तीनदा उचलून पाहूनही छातीठोक सांगता आलं नाही. माझी सगळी विद्या गायीम्हशींची. सशाचा एकच धडा होता आणि त्या दिवशी मी गैरहजर होतो. पण डाक्टर घरातच आहे म्हटल्यावर चाचांना चिंता नव्हती.

त्यांनी बाजेसमोरच थाळाभर कोवळी मेथी ठेवली आणि तिघांना भोवती बसवलं. पुढं काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. थाळा उलटला, अंगणभर केस उडाले. चाचांनी सवयीनं त्यातले थोडे चिमटीत धरून माल चांगला असल्याचं सांगितलं. मांजरपाट चुलीमागे लपला. पण खरा घोळ पुढंच होता, कारण दुसऱ्या दिवसापासून मखमल आणि मलमल एकमेकींनाही चावायला लागल्या. चाचींनी चाचांशी बोलणं सोडलं. कोण कुणावर रागावलंय याचा मला हिशेब लागेना. मी खोलीबाहेर पडलो की आधी अंगणाचा अंदाज घेई.

चाचांनी प्रत्येक सशासमोर वेगवेगळं बसून त्याची बाजू ऐकून घेतली. मग वीतभर लांबीची एक गादी शिवली. ती एक दिवस मांजरपाटाखाली, एक दिवस बाजेखाली अशी फिरू लागली. तिघांचा वास एक झाला की परकेपणा जातो म्हणे. यात शास्त्र आहे की नुसतंच चाचा आहेत हे मला समजेना, म्हणून मी निरीक्षण चालू ठेवायला सांगितलं. दवाखान्यातही मी हेच सांगत असे. दहा-बारा दिवस झाले तरी तिघे समोर आले की दात दिसतच होते. मांजरपाटाच्या बरगड्या हाताला लागू लागल्या. चाचांनी टोपली झटकून दाराशी आणून ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तेव्हा चाची बोलल्या. बारा दिवसांतलं पहिलं बोलणं.

"लोकांचे भांडणं तुमी कुठं मिटवता? दुकानात. ना याच्या घरी, ना त्याच्या घरी. मंग या लेकराला त्या दोघींच्याच घरात नेऊन काहून बसवलं?"

चाचा टोपलीची निघालेली काडी आत खोचू लागले.

"धाकट्यालाबी तुमी दोनदा आपल्याच अंगनात बोलावलं," चाची म्हणाल्या. "दोनदाबी तो दारातूनच वापस गेला."

चाचांनी टोपली उचलून परत आत ठेवली. एवढ्या बैठका बसवलेल्या माणसाला ही साधी गोष्ट घरात सुचली नव्हती. दुकानात मशीनचा धडधडाट, तिथं ससे नेणं शक्य नव्हतं. तिसऱ्याची जागा म्हणजे माझी खोली. मला कुणी विचारलं नाही. मी संध्याकाळी आलो तेव्हा माझी खाट भिंतीला उभी होती आणि तीन ससे तीन कोपऱ्यांत बसले होते. मांजरपाटानं माझं औषधांचं रजिस्टर कुरतडलं. मखमलीनं चप्पल. मी, चाचा आणि चाची भिंतीला टेकून रोज दोन तास बघत बसायचो, आणि आम्ही नक्की काय बघतोय हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

पाचव्या संध्याकाळी मखमल सरकत सरकत मांजरपाटासमोर आली आणि डोकं जमिनीला टेकून बसली. ही ढुशी आहे की सलाम, असं चाचांनी मला विचारलं. मी खोटं बोललो नाही, ठाऊक नाही म्हणालो. मांजरपाट कितीतरी वेळ थिजून राहिला. मग त्यानं हळूच तिचं कपाळ चाटलं. थोड्या वेळानं मलमलही येऊन तिला टेकली. चाचींनी पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपवाल्याबरोबर पुसेगावला निरोप धाडला. ससा रमला, येऊन बघून जा. घरी नाही, डाक्टरच्या खोलीवर.

शुक्रवारी दुपारी धाकटा आला, काखेत सशासाठी लसूणघासाची पेंढी. हुबेहूब चाचा, फक्त दाढी काळी. दोघे भाऊ सशांसमोर हातभर अंतर ठेवून बसले आणि दोघेही माझ्याशीच बोलू लागले. डाक्टर, हा पाणी बराबर पितो का, त्याहिला विचारा. डाक्टर, त्याला सांगा, पितो. मी मान इकडून तिकडे वळवून ऐकलेलंच पुन्हा सांगत होतो. मग धाकट्यानं सशाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो जरा हसला.

"आमच्याकडं याला भाईजान म्हनत होतो," तो मला म्हणाला. "नऊ वर्षं झाले, डाक्टर. ज्याला म्हनायचं त्याला म्हनता येईना. तोंडाची सवय तर जात न्हाई."

चाचांनी सशाच्या पाठीवर ठेवलेला हात तिथंच राहिला. मग ते माझ्याकडे वळले.

"डाक्टर, त्याला म्हनावं, उद्याबी ये."

हातभरावर बसलेल्या माणसाला मी ते सांगितलं.

"येतो म्हना," धाकटा खाली बघत म्हणाला.

मी तेही सांगितलं.