वैशालीची झडप आणि वणीतलं पुरण

नवरात्रातल्या अष्टमीला वणीला गेलो होतो, भाचीच्या सासरी. दोन हजार सालानंतरची गोष्ट... पण आठवली की आजही डोकं फिरतं.

घरात देवीच्या नैवेद्याची गडबड चालली होती, आणि वैशाली एकटी बाहेर ओट्यावर बसलेली. मला वाटलं, हृदयाचं ऑपरेशन झालंय, आराम करत असेल. तर हळूच म्हणाली, "मामा, मला नैवेद्याला हात लावू देत नाहीत."

कारण काय, तर गावात कुणीतरी कंडी पिकवली होती की हिच्या काळजात डुकराची झडप बसवलीय...

माझी शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही येतं ते स्वतः वाचून, विचारून शिकलो, त्यामुळे अर्धवट माहितीची मला चीड आहे. वैशालीची झडप बदललेलीच नव्हती, दुरुस्त केली होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात ती खराब होऊन गळायला लागली. सर्जनने तिच्याच हृदयाभोवतीच्या पातळ आवरणाचा तुकडा कापला, औषधात बुडवून काढला आणि झडपेला जोडून शिवला.

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि हे सगळं तिच्या सासूबाईंना सुनावलं. "ताई, गोधडी फाटली की त्याच गोधडीच्या काठातलं कापड काढून ठिगळ लावावं, तसं आहे हे. बाहेरचं काही नाही."

त्या पुरणयंत्र फिरवायच्या थांबल्या. "म्हंजे मामा, समदं तिचंच हाय?"

"तिचंच."

"मग आधी नाय का सांगायचं? ये गं वैशाली, पुरण वाट. गार झालं तर वाटायचं नाय."

झालं, जिंकलो... असं मला वाटलं. पण वैशाली दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"आई, आणि डुकराची असती तर?"

उंबऱ्याबाहेरूनच ती पुढे म्हणाली,

"दवाखान्यात माझ्या शेजारच्या कॉटवर सटाण्याच्या आक्का होत्या. त्यांना डुकराचीच बसवलीय. त्यांच्या घरचा डबा आम्ही दोघी रोज वाटून खायचो. त्या चालत नसतील, तर मग मलाही आत घेऊ नका."

सासूबाईंनी पुन्हा यंत्र फिरवायला घेतलं. पुरण घट्ट होत चाललेलं, हात दुखायला लागलेला. "लय वाद घालती. मामावर गेली," असं पुटपुटल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "गडावर देवीच्या दर्शनाला आली तुझी आक्का, तर आण तिला घरी. तिला बी पुरण वाटायला बसवू. आता ये, माझा हात भरून आला."

मग वैशाली आत गेली.

तिचंच आहे, तिचंच आहे, म्हणत मी केवढा घसा कोरडा केला... आणि दुसऱ्याचं असतं तर काय बिघडलं असतं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. ते तिने विचारलं, याचा अभिमान आहे. पण मरणाच्या दारातून आलेल्या पोरीला स्वतःच्याच घरात ते विचारावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.