चष्मा ऐच्छिक आहे

आमच्या दर-नोंदणी कार्यालयात तिला सगळे भावताई म्हणत. बावीस वर्षं ती दर सोमवारी बाजार पालथा घालून साबणापासून चपलेपर्यंत सगळ्याचे भाव टिपून आणायची. त्या यादीवरून कामगारांचं किमान वेतन ठरे.

त्या वर्षी साहेबांनी चष्मा ‘आवश्यक’ रकान्यातून उचलून ‘ऐच्छिक’मध्ये टाकला, म्हणजे वेतनाच्या हिशेबातून बाहेर. पाहणीत म्हणे दिसलं, शंभरातले नव्वद कामगार चष्मा घेतच नाहीत.

बैठकीत भावताई म्हणाली, “परवडत नाही म्हणून घेत नाहीत, साहेब.”

“ते तुमचं मत. घेत नाहीत, ही वस्तुस्थिती. अर्थशास्त्र वस्तुस्थितीवर चालतं.”

“मग ‘गरज नाही’ हे कुठल्या दुकानात टिपलंत?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “बाई, प्रवचन घरी द्या.”

“उपाशी माणूस जेवत नाही, हीसुद्धा वस्तुस्थितीच की! धान्यही काढा यादीतून.”

मी तिच्या शेजारीच होतो, पण मूग गिळून गप्प बसलो. नव्या यादीवर सही करून मोकळा झालो. तिनं केली नाही. आठवड्याभरात तिची बदली तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत झाली, जुने कागद लावायला.

तिची थोरली बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. नजर अधू, सुई दोनदा बोटातून आरपार गेलेली. भावताई तिच्याकडे गेली तेव्हा मीही सोबत होतो. तिनं सगळी हकिगत सांगितली. शाबासकी मिळेल, असं वाटलं असावं बिचारीला.

बहीण तिसऱ्यांदा दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “गेल्या खेपेला यादीतून दातांचा इलाज काढलात, तेव्हा सही कुणाची होती गं?”

“ताई, तेव्हा मला...”

“तेव्हा तोंड शिवलं होतं?”

भावताईनं पिशवीतून नवा, वाचायचा चष्मा काढून पुढे धरला. बहिणीनं तो उचलला आणि दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवला.

“भीक नको. पगारात दे.”

नवं वेतन लागू झालं, चष्म्याविना. साहेबांना बढती मिळाली. भावताई निवृत्तीपर्यंत तळमजल्यावरच राहिली. बहिणी एका भिंतीआड राहतात, पण बोलत नाहीत. आणि मी? त्या गल्लीतून जायचं टाळतो.